थोरलीचा नेम

नळवाल्या आत्याच्या घरात दोन वस्तूंना हात लावायची कोणाची हिंमत नव्हती. एक म्हणजे पाइपांना आटे पाडायची डाय, आणि दुसरी थोरली. डाय दुकानात तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली असे. थोरली आतल्या खोलीत, कपाटाच्या वर, दोन खुंट्यांवर आडवी निजलेली. थोरली म्हणजे बंदूक. आत्याच्या वडिलांची, ठासणीची, वयाने आत्यापेक्षा कितीतरी मोठी, म्हणून थोरली. वडिलांनी थकल्यावर ती मुलाला देऊ केली, तर मुलगा म्हणाला, हे लोढणं मला नको, आमच्याकडे छत्री ठेवायला जागा नाही. आत्याने ती मुकाट्याने उचलली आणि सासरी आणली. सासूने विचारलं, माहेरून हे काय घेऊन आलीस? आत्या म्हणाली, मोठी बहीण. बंदूक हातात घेऊन दारात उभ्या असलेल्या सुनेशी वाद कोण घालणार?

आत्याचा नवरा नळजोडणीचं काम करायचा. तो गेला तेव्हा लेक शाळेत होती, आणि दुकानात अर्धवट कामांचा ढीग पडला होता. लोक म्हणाले, आता दुकान विकणार. आत्याने थोडे दिवस रडून घेतलं, मग शटर वर केलं, नवऱ्याचा कामाचा डगला अंगात चढवला, बाह्या दुमडल्या आणि पहिल्या गिऱ्हाइकाच्या मोरीखाली शिरली. नळ कसा दुरुस्त करायचा हे तिला नवऱ्याच्या शेजारी बसून बसून अर्धं ठाऊक होतं, उरलेलं अर्धं लोकांच्या घरात पाणी उडवून शिकली. गिऱ्हाइकाने दारातच लांबण लावली की ती म्हणायची, "कुठून गळतंय ते माझं मी बघते. कधीपासून गळतंय तेवढं खरं सांगा." यावर निम्मे लोक खाली बघायचे. शेजारी भावाची मुलं राहत, ती तिला आत्या म्हणत. त्यांचं ऐकून गिऱ्हाइकं म्हणू लागली, आणि शेवटी पोस्टातला कारकूनसुद्धा सही घेताना "इथे आत्या" म्हणायला लागला.

सोमवार ते शनिवार दुकान, रविवार थोरलीचा.

गावाबाहेर एक बंद पडलेली खडीची खाण होती. तिथे जुन्या बंदुकांचं मंडळ जमायचं. मंडळ म्हणजे पत्र्याची एक शेड, जुन्या दारांची केलेली टेबलं, आणि समोर मातीचा उभा कडा. कड्याच्या पायथ्याशी लाकडी चौकटीत कागदी निशाणं लावायची. गोळ्या कड्यात रुतायच्या, आणि वर्षातून एकदा सगळ्यांनी मिळून त्या खणून काढायच्या, वितळवायच्या, पुन्हा ओतायच्या. आत्याला शिशाची कधी ददात पडली नाही. जुन्या घरातले शिशाचे नळ काढून नवे बसवायचं काम तिचंच असे. लोकांना ती म्हणायची, हा नळ तुमच्या पोटाला वाईट, माझ्या थोरलीला चांगला.

आता थोरली काय जातीची बंदूक होती ते सांगायला हवं, नाहीतर पुढचा सगळा तमाशा कळायचा नाही. रायफलीच्या नळीत आतून आटे असतात, नळाच्या पाइपाला बाहेरून असतात तसे. त्या आट्यांतून गोळी भोवऱ्यासारखी फिरत निघते आणि सरळ जाते. थोरली आतून गुळगुळीत, काचेच्या पेल्यासारखी. तिच्यात तोंडातून दारू ओतायची, वरून गोल गोळी घालायची आणि गजाने खाली ठासायची. गोळी नळीपेक्षा किंचित लहान ठेवावी लागते, नाहीतर काजळीत अडकून बसेल. लहान ठेवली की सुटल्यावर ती नळीच्या भिंतींना धडका देत येते, आणि तोंडाशी शेवटची धडक ज्या बाजूला बसेल तशी गिरकी घेऊन बाहेर पडते. मग गिरकी नेईल तिकडे जाते. त्यामुळे अशा बंदुकीने पन्नास पावलांवर बशी फोडली तर शाबासकी. शंभर पावलांवर दार लागलं तरी खूप. त्यापुढे बंदूक उडवायची ती आवाजासाठी.

थोरली मात्र पन्नास पावलांवर बशी सहसा चुकवायची नाही. आत्याचे वडील भरायचे तशीच आत्या भरायची. गोळीभोवती तेलमेण लावलेली चिंधी, म्हणजे नळीत गोळी खडखडत नाही. प्रत्येक बारानंतर ओल्या फडक्याने नळी पुसायची. आणि देठ वर. साच्यात शिसं ओततात त्या भोकाशी गोळीला एक बारीक खुंट राहतो. तो कापला तरी तिथे चपटा डाग उरतो. त्याला हे लोक देठ म्हणतात. वडील सांगायचे, देठ कुठेही ठेव, पण दर वेळी तिथेच ठेव. आत्या दर वेळी वर, अगदी मधोमध ठेवायची.

नदीपलीकडच्या गावातही असंच एक मंडळ होतं, आणि वर्षातून एकदा दोघांचा सामना व्हायचा. इकडून तिघे जायचे. गेली कित्येक वर्षं त्या तिघांत आत्या होती. दुसरा बेकरीवाला, पोट टेबलाला टेकवून नेम धरणारा. तिसरा तिचा दीर. हा गुरांचा डॉक्टर, आता निवृत्त, मंडळाचा चिटणीस, आणि न्यायाचा असा भोक्ता की घरात बिस्किटं वाटतानासुद्धा तुटलेली बाजूला काढायचा.

त्या वर्षी थोरलीच्या गोळ्या हिंडायला लागल्या. आधी बशीच्या कडेला, मग बशीबाहेर, मग कागदाबाहेर. एक तर थेट चौकटीच्या पायाला लागली आणि निशाण मान टाकल्यासारखं लवंडलं. सगळ्यांनी पाहिलं. बेकरीवाल्याने थर्मासात डोकं घातलं.

आत्याला स्वतःला एक गोष्ट ठाऊक होती, ती तिने कोणाला सांगितली नव्हती. जोड गळू नये म्हणून पाइपाच्या आट्यांवर सफेदा लावून सूत गुंडाळायचं असतं. हे काम ती झोपेतही करेल असं तिला वाटायचं. पण अलीकडे सूत आट्यांत बसायच्या ऐवजी आट्यांवरून उड्या मारायला लागलं होतं. तिने सुताला शिव्या दिल्या, दुकानदाराला सुनावलं आणि नवं रीळ आणलं. नव्या रिळानेही उड्या मारल्या. तेव्हा तिने रीळ कोपऱ्यात फेकलं आणि टेप वापरायला सुरुवात केली.

सामन्याचे तिघे ठरवायची बैठक शेडमध्येच झाली. दिराने घसा साफ केला.

"वहिनी, एक विचारू? रागावणार नसाल तर."

"रागावणार आहे. विचारा."

"तुमच्या गोळ्या हल्ली फार हिंडतात."

"नळी झिजलीय. वय झालं तिचं."

"तिचंच ना?"

दीर वाईट माणूस नव्हता. त्याने एवढंच मांडलं की गोळी चुकली तर दोष हाताचा की नळीचा हे या जातीच्या बंदुकीत कोणालाच सांगता येत नाही, आणि म्हणूनच या मंडळात आजवर एकही माणूस वाईट नेमबाज ठरलेला नाही. सगळ्यांच्या नळ्याच वाईट. यावर बरेच जण हसले, आणि हसता हसता जपून इकडेतिकडे पाहू लागले. मग त्याने उपाय सांगितला. आत्याच्या दुकानात पाइप धरायचा मोठा शिकंजा आहे. तो आणून टेबलाला ठोकायचा, थोरलीला रबराच्या तुकड्यांत गुंडाळून त्यात आवळायचं, चापाला दोरी बांधून उडवायचं. शिकंज्याचा हात काही कापत नाही. गोळ्या तरीही पांगल्या तर दोष नळीचा, आणि वहिनी सामन्याला येणार. एका जागी पडल्या, तर मग...

"तर मी येणार नाही," आत्या म्हणाली. "आणि भांडणारही नाही. आणा शिकंजा. नको, तुम्ही आणू नका, पाडाल. मीच आणते."

घरी जाऊन तिने हे लेकीला सांगितलं, ते बढती मिळाल्याच्या थाटात. लेकीचं चष्म्यांचं दुकान होतं. आईचा थाट दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघणाऱ्या बाईपासून किती लपणार? तिने शांतपणे काचा पुसत विचारलं, "म्हणजे गोळ्या पांगल्या तर थोरली भंगारात, आणि नाही पांगल्या तर तू घरी. तुझ्या बाजूचा निकाल यात कुठला आहे?"

आत्याने हे असं पाहिलंच नव्हतं. दिराने डिवचलं आणि ती हो म्हणून मोकळी झाली होती. लेक म्हणाली, त्यापेक्षा एकदा मला उडवू दे, लगेच कळेल. आत्या ताडकन म्हणाली, थोरली कोणाच्या हातात जात नाही. मंडळाचाही तसाच रिवाज होता: दुसऱ्याची बंदूक उडवायची नाही, मागायचीसुद्धा नाही. लेक लहानपणी अंगणात बसून गोळ्या ओतायची, चिंध्या कापायची, गज पुसायची. नेम धरायला तिने मंडळाच्या बंदुकीवर शिकून घेतलं होतं, बऱ्यापैकी. थोरली मात्र खुंटीवर. लेकीने चष्मा खोक्यात ठेवला आणि विषय संपवला.

रविवारी आत्याने शिकंजा हातगाडीवर घालून खाणीत नेला. मंडळ झाडून हजर होतं. एरवी दात दुखतो म्हणून न येणारेही आले होते, आणि लेकही आली होती. टेबलावर वाळूची पोती टाकली, थोरलीला सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यांत गुंडाळलं आणि आत्याने स्वतः शिकंजा आवळला. आवळताना एकदा तिचा हात थोरलीच्या दस्त्यावरून फिरला. बहिणीला दवाखान्यात झोपवतात तसं तिला वाटलं, आणि तसं वाटल्याचा रागही आला.

भरायचं काम दिराने स्वतःकडे घेतलं. वहिनींनी भरलं तर लोक म्हणतील हातचलाखी केली. मी भरलं तर म्हणतील दिराने डाव साधला. म्हणून त्याने तोड काढली होती. पिशवीत हात घालून न बघता गोळी काढायची, आणि तोंड वळवून, डोळे मिटून नळीत सोडायची. चिंधी होती, दारूही मापात होती. फक्त गोळी आंधळ्याने पेरल्यासारखी. नळी त्याने एकदाही पुसली नाही, कारण कुठल्या बाराला जास्त पुसली आणि कुठल्याला कमी, यावरून वाद नको. असा निःपक्षपातीपणा त्या खाणीने कधी पाहिला नव्हता.

दोरी ओढली. धूर झाला. पुन्हा भरली, पुन्हा ओढली. दिराने ठरवलेले सगळे बार झाल्यावर बेकरीवाला धापा टाकत निशाणापाशी गेला आणि तिथूनच हसायला लागला. गोळ्यांनी सगळा कागद फिरून पाहिला होता. एक वर, एक खाली, दोन कोपऱ्यात, आणि एकीचा पत्ताच नाही. आत्याच्या हाताने इतक्या कधीच पांगल्या नव्हत्या.

"आत्या," बेकरीवाला परत येत म्हणाला, "हिच्यासमोर उभा राहणारा सुखरूप. जपायचं ते शेजाऱ्याने."

मग काय, सगळ्यांनाच कंठ फुटला. कोणी म्हणालं, बंदूक कसली, पाण्याची पिचकारी. कोणी म्हणालं, नळवालीच्या घरची, गळणारच. दीर मात्र गंभीर होता. तो पुढे आला, आणि सगळ्यांसमोर म्हणाला की वहिनी, मी चुकलो, तुमच्या हातावर शंका घेतली. दोष नळीचा. सामन्याला मंडळाची नवी बंदूक घ्या, हिला आता भिंतीवर शोभेला राहू द्या. टाळ्या वाजल्या.

आत्याला आता काहीच करायचं नव्हतं. फक्त गप्प बसायचं. सामना तिचा, जागा तिची, हात निर्दोष, दिराने जाहीर माफी मागितलेली; ती तर लग्न झाल्यापासून पहिलीच. आणि तिला पहिल्या बारालाच दिसलं होतं की देठ कुठल्या कुठे जातंय. नळीचं तोंड काजळीने काळं झालेलंही दिसलं होतं. पहिल्या बाराला ती गप्प बसली, ते पुढेही बसली. एवढं आयुष्य लोकांच्या मोऱ्यांखाली घालवल्यावर तिला इतकं नक्की कळत होतं की हे गळणं कधीपासूनचं आहे.

पिचकारीवर अजून कोणीतरी हसत होतं. शिकंज्यात आवळलेली थोरली काही बोलू शकत नव्हती.

"भावोजी," आत्या म्हणाली, "देठ कुठे होतं?"

"कसलं देठ?"

"गोळीचं. दर वेळी एका जागी होतं का?"

"मी तर डोळे मिटून..." दिराचा आवाज खाली आला. देठाचं त्याला ठाऊक होतं. तो स्वतः देठ खाली घालून भरायचा, दर वेळी खालीच. फक्त आज न्यायाच्या भरात त्याने देठाला मोकळं सोडलं होतं. "पण वहिनी, जरा विचार करा. निकाल तुमच्या बाजूने लागलाय."

"माझ्या बाजूने लागलाय म्हणूनच बोलतेय. तिच्या बाजूने कोण बोलणार? सरका."

तिने ओल्या फडक्याने नळी पुसली, फडकं पांढरं येईपर्यंत. दारू घातली. चिंधी पसरली, गोळी घेतली. आता सगळ्यांनी तिचा हात पाहिला, कारण सगळे तोच बघत होते. गोळी बोटांत लटलटत होती. लेकीने मान वळवली. पण आत्याने बोटं थोरलीच्या तोंडावर टेकवली, आणि टेकल्याबरोबर थरथर थांबली. घाबरलेल्या पोराने भिंतीला पाठ लावावी तशी. देठ वर, मधोमध. गजाने एका दमात ठासली, ठिणगीची टोपी बसवली, आणि मागे न बघता म्हणाली, ओढा.

पुसणं, भरणं, ओढणं. शेवटच्या बारानंतर या खेपेला दीर स्वतः निशाणापाशी गेला. मग कागद काढून घेऊन आला आणि टेबलावर ठेवला. बेकरीवाल्याने कपाखालची बशी घेऊन त्यावर पालथी घातली. सगळी भोकं झाकली गेली.

थोरली निर्दोष सुटली होती, आणि त्याचा अर्थ न कळण्याइतकं तिथे कोणी बावळट नव्हतं.

"माझं नाव खोडा," आत्या म्हणाली आणि शिकंजा सैल करायला लागली.

दीर काहीतरी चांगलं बोलायला शब्द शोधत होता, त्याला ती म्हणाली की सांत्वन करायचं असेल तर हातगाडी ढकलायला या. मग तिने थोरलीला सोडवलं, तिच्या अंगावरचे ट्यूबचे तुकडे काढले, धूळ पुसली. खुंटीवर ठेवायला घरी न्यायची, एवढंच उरलं होतं. ती दोन पावलं चालली आणि थांबली. लेक टेबलापाशी उभी होती आणि सांडलेल्या चिंध्या गोळा करत होती. लहानपणी करायची तशी, एकावर एक, कडा जुळवून.

"धर," आत्या म्हणाली.

लेकीला वाटलं, गाडीवर ठेवायला देतेय. तिने दोन्ही हात पुढे केले.

"अशी नाही, बाळ घेतल्यासारखी. खांद्याला लाव. घट्ट लाव, लाथ मारते ती."

मंडळाच्या रिवाजाचं काय, असं कोणीतरी पुटपुटलं. दिराने त्याच्याकडे असं पाहिलं की तो चिंध्या गोळा करायला लागला. मग चिटणीस या नात्याने दिराने तिथल्या तिथे निर्णय दिला: दुसऱ्याची बंदूक उडवायला मनाई आहे, मावशीची उडवायला नाही. आणि नेमबाजाने आपला भरणारा बरोबर आणू नये असंही नियमात कुठे म्हटलेलं नाही. त्या दिवशी त्याने केलेला हा एकच पक्षपात, आणि तो त्याला चांगला जमला.

सोमवारी आत्याने कोपऱ्यातलं सुताचं रीळ उचलून झटकलं आणि फळीवर जुन्या रिळाशेजारी ठेवलं. नव्यात आणि जुन्यात काही फरक नव्हता. दोन्ही चांगली होती.

सामन्यात त्यांचा दुसरा नंबर आला. संघ दोनच होते, हे आत्या गिऱ्हाइकांना सांगत नाही. आत्या भरत होती, लेक उडवत होती, आणि पलीकडच्या गावचे लोक आपल्या बंदुका सोडून या दोघींना बघत होते. लेकीच्या बऱ्याच गोळ्या बशीत पडल्या. एक मात्र भलतीकडेच गेली, चौकटीवरून, थेट मागच्या मातीत. लेकीने बंदूक खाली घेतली, नळीकडे संशयाने पाहिलं, आणि म्हणाली, "आई, मला वाटतं नळी जरा डावीकडे..."

आत्याने तिच्या हातातून थोरली घेतली. नळी पुसली, दारू ओतली, चिंधी पसरली, थरथरती गोळी तोंडावर टेकवून सरळ केली, देठ वर.

"नळीचं मी बघते," ती म्हणाली. "तू हाताचं बघ."